उंदराचा पिंजरा आणि आपले ताट



व्याख्यानमालांच्या पंक्तीत इतिहास, साहित्य, राजकारण आणि तत्त्वज्ञान यांना मानाचे पान मिळते, आणि ते योग्यच आहे. त्या पंक्तीत आज उंदराला आणून बसवण्याची परवानगी चालकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. उंदीर गणपतीचे वाहन म्हणून आपल्याला पूज्य, आणि धान्याच्या कोठीतला चोर म्हणून त्याज्य. मी ज्या उंदराविषयी बोलणार आहे तो या दोहोंपैकी एकही नव्हे. तो पांढरा, लाल डोळ्यांचा, प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात जन्मलेला आणि बहुधा तेथेच मरणारा प्राणी आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अन्न आणि औषध यांविषयी माणसाला जे ज्ञान झाले, त्यात या मुक्या प्राण्याचा वाटा फार मोठा आहे.

हा विषय निवडण्याचे कारण सांगतो. आपण सकाळी वर्तमानपत्र उघडता. आतल्या पानावर एक बातमी असते : अमुक वनस्पतीच्या पानांतील द्रव्याने लठ्ठपणा आणि मधुमेह आटोक्यात येतो, असे शास्त्रज्ञांना आढळले. थोड्याच दिवसांत त्याच वनस्पतीच्या चूर्णाच्या डब्या दुकानात येतात. डबीवर ठळक अक्षरांत छापलेले असते, ‘शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध’. प्रयोग कोणावर झाले, हे मात्र बारीक अक्षरांत असते, किंवा नसतेच. बहुतेक वेळा ते उंदरावर झालेले असतात. मग एखादे गृहस्थ डॉक्टरांच्या गोळ्या बाजूला सारून चूर्णाची डबी जवळ करतात. असे गृहस्थ आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात किंवा शेजारात एक तरी असतील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे आपल्या देशात मधुमेही माणसांची संख्या १० कोटींच्या वर आहे, आणि १३ कोटींहून अधिक माणसे या रोगाच्या उंबरठ्यावर उभी आहेत. तेव्हा उंदरावरच्या प्रयोगातून नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा राहिलेला नाही.

प्रथम हे पाहू की शास्त्रज्ञांनी उंदीरच का निवडला. उंदीर दोन-तीन वर्षे जगतो, म्हणजे माणसाच्या आयुष्याचा एक तुकडा त्याच्या बाबतीत काही आठवड्यांत पाहता येतो. तो आपल्यासारखा सर्वभक्षी आहे. एकाच घराण्यातले, जवळजवळ एकसारखे उंदीर हवे तितके मिळतात. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये १९०६ पासून अशा उंदरांची पैदास सुरू झाली, आणि ‘विस्टार’ जातीचे उंदीर आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जातात. दोन भावांना वेगवेगळे जेवण देऊन पाच वर्षांनी त्यांच्या प्रकृतीत काय फरक पडला, हे पाहणे अवघड आहे. भाऊ ऐकणार नाहीत आणि त्यांच्या बायका तर मुळीच ऐकणार नाहीत. उंदीर बिचारा समोर येईल ते खातो.

या उंदराचा आपल्या ताटाशी फार जुना संबंध आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निलगिरीवरील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन या शास्त्रज्ञाने एक मोठा मनोवेधक प्रयोग केला. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोक जे जेवतात तेच जेवण त्याने उंदरांच्या निरनिराळ्या गटांना घातले. एका गटाला शिखांचे जेवण, एकाला पठाणांचे, एकाला मराठ्यांचे, एकाला गुरख्यांचे, एकाला कानडी लोकांचे, एकाला बंगाल्यांचे आणि एकाला मद्राशांचे. उंदरांची वाढ मी आता सांगितली त्याच क्रमाने उतरत गेलेली आढळली. शिखांच्या जेवणावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट, मराठ्यांच्या जेवणावरचे तिसरे, आणि कांडलेला तांदूळ हेच मुख्य अन्न असलेले शेवटचे. महाराष्ट्राचा तिसरा क्रमांक आला याचे आपण समाधान मानावे की खंत करावी, हे मी आपल्यावर सोपवतो. पुढे त्याने इंग्लंडमधील गरीब लोकांचा आहार, म्हणजे पांढरा पाव, मार्गारिन, साखर घातलेला चहा, डब्यातले मांस व मुरंबा, हाही उंदरांना घालून पाहिला. ते उंदीर खुरटले, चिडखोर झाले आणि अखेरीस एकमेकांना मारून खाऊ लागले. ज्या कुन्नूरला हे प्रयोग झाले तेथील आहार-संशोधनाचे कार्य १९५८ साली हैदराबादला हलले, आणि आज ती संस्था राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

मॅककॅरिसनच्या काळी प्रश्न होता तो उणिवेचा. अन्नात काय कमी पडले म्हणजे शरीर खुरटते, हे त्याला शोधायचे होते. आपल्या काळात उणीव पुरती संपलेली नसतानाच अतिरेकाचा प्रश्न तिच्या शेजारी येऊन बसला आहे. त्यामुळे उंदरावरचे प्रयोगही बदलले. १९७६ साली न्यूयॉर्कमधील स्क्लाफानी आणि स्प्रिंगर या दोन संशोधकांनी उंदरांना चक्क बाजारातले खाद्यपदार्थ घातले : बिस्किटे, चॉकलेट, चीज, केळी, शेंगदाण्याचे लोणी, आटवलेले गोड दूध. उंदीर झपाट्याने लठ्ठ झाले. या आहाराला पुढे ‘उपाहारगृही आहार’ असे नाव पडले. हा प्रयोग आपल्याकडे झाला असता तर पिंजऱ्यात शेव, फरसाण, वडापाव आणि जिलबी ठेवावी लागली असती. निकाल काही निराळा लागला असता असे मला वाटत नाही.

१९८७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे दुसरा एक प्रयोग झाला. उंदरांच्या आहारात फ्रुक्टोज नावाच्या साखरेचे प्रमाण खूप वाढवले. सुमारे दोन आठवड्यांत त्यांचा रक्तदाब चढला, रक्तातील चरबी वाढली आणि इन्सुलिनचे प्रमाणही वाढले. फ्रुक्टोज म्हणजे काही परदेशी विष नव्हे. आपण चहात घालतो त्या साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोजच असतो. या प्रयोगातील एक संशोधक जेराल्ड रीव्हन यांनी पुढच्याच वर्षी, १९८८ साली, एका प्रसिद्ध व्याख्यानात असे मांडले की रक्तदाब, रक्तातील चरबी आणि मधुमेहाकडे झुकणारी प्रकृती ही वेगवेगळी दुखणी दिसली तरी पुष्कळदा ती एकाच मुळाची पाने असतात. ते मूळ म्हणजे शरीराने इन्सुलिनला दाद न देणे.

हे दाद न देणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आपण जेवलो की रक्तात साखर येते. स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिन स्नायू, यकृत आणि मेद यांच्या पेशींच्या दारावर थाप मारते आणि सांगते, ‘दार उघडा, शिधा आला आहे.’ पेशी दार उघडतात व साखर आत घेतात. परंतु कोठार आधीच भरलेले असेल, यकृतात चरबी साचलेली असेल, तर थाप ऐकूनही दार लवकर उघडत नाही. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडून अधिक जोराने थापा मारू लागते. काही वर्षे हे निभते. एके दिवशी थापा मारणाराच थकतो, आणि रक्तात साखर तुंबून राहते. त्या दिवसाला आपण म्हणतो, मधुमेह झाला. वस्तुतः तो पुष्कळ आधीपासून होत आलेला असतो.

आता वनस्पतींच्या द्रव्यांकडे वळू. अशा प्रयोगाची रचना साधी असते. निदान तीन पिंजरे कल्पावे. पहिल्या पिंजऱ्यातील उंदरांना नेहमीचे साधे अन्न मिळते. दुसऱ्यातील उंदरांना दोन-तीन महिने असे अन्न मिळते की ज्यातील निम्मी किंवा त्याहून अधिक उष्णता स्निग्ध पदार्थांपासून येते, किंवा ज्यात साखरेचा भरणा असतो. तिसऱ्या पिंजऱ्यातील उंदरांना तेच वाईट अन्न, आणि त्याबरोबर एखाद्या वनस्पतीचा अर्क किंवा तिच्यातून वेगळे काढलेले द्रव्य. शेवटी रक्त तपासतात, यकृत पाहतात, वजन घेतात. दुसऱ्या पिंजऱ्यापेक्षा तिसरा बरा आढळला, की लेख लिहिला जातो. हळद, मेथी, दारुहळद, कारले, हिरवा चहा, द्राक्षाची साल, अशा अनेक वनस्पतींविषयी असे लेख प्रसिद्ध झाले आहेत. त्यांतील बरेचसे प्रामाणिकपणे केलेले आहेत. मी त्यांना खोटे म्हणत नाही. परंतु त्यांनी जे सांगितले आहे त्याहून अधिक त्यांच्या तोंडी घालू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

ते काय सांगतात? या जातीच्या उंदरात, या अन्नावर, इतक्या मात्रेत, इतके आठवडे दिलेल्या या द्रव्याने बिघाड काहीसा कमी झाला, एवढेच. पुष्कळ प्रयोगांत अर्क वाईट अन्नाबरोबर पहिल्या दिवसापासून दिलेला असतो. म्हणजे तेथे रोग होऊ नये म्हणून उपाय केला जातो. आपले गृहस्थ डबी आणतात ती रोग होऊन दहा वर्षे झाल्यावर. एका पिंजऱ्यात सहा-आठ-दहा उंदीर असतात, आणि बहुधा सगळे नर. ज्या प्रयोगात काहीच फरक दिसला नाही तो पुष्कळदा छापलाच जात नाही. त्यामुळे आपल्यापुढे येतात ते बहुतेक विजयाचे वृत्तांत. हरलेल्या लढायांचे बखरकार फार थोडे.

पुढचा प्रश्न मात्रेचा. समजा, उंदराला त्याच्या वजनाच्या दर किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क रोज दिला. माणूस ६० किलो वजनाचा. सरळ गुणाकार केला तर १२ ग्रॅम होतात. पण सरळ गुणाकार येथे चालत नाही, कारण लहान प्राण्याच्या शरीराची भट्टी वजनाच्या मानाने फार जोरात जळते. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २००५ साली दिलेल्या नियमाप्रमाणे उंदराची मात्रा सुमारे ६.२ ने भागावी लागते. म्हणजे माणसाला सुमारे २ ग्रॅम अर्क. आणि तोही पहिल्या खेपेला पूर्ण द्यायचा नसतो. सुरक्षिततेसाठी त्याचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी द्यायचा, असा संकेत आहे. आता हा अर्क काढताना समजा १० किलो सुक्या पाल्यातून १ किलो अर्क निघाला, तर २ ग्रॅम अर्कासाठी रोज २० ग्रॅम सुका पाला झाला. चमचाभर चूर्णात त्याचा लहानसा अंशच येतो. तेव्हा प्रयोगातील मात्रा आणि डबीतील मात्रा यांची नावे एक असली तरी त्यांचे एकमेकांशी नाते असेलच असे नाही.

मात्रा पोटात गेली म्हणजे रक्तात गेली असेही नाही. याला हळदीचे उदाहरण घेऊ, कारण ती आपल्या प्रत्येक फोडणीत आहे. हळदीचा पिवळेपणा ज्या द्रव्यामुळे येतो त्याला कुर्क्युमिन म्हणतात. १०० ग्रॅम हळदीत ते सुमारे ३ ग्रॅम असते. पिंजऱ्यातल्या लठ्ठ उंदरांवर त्याचे चांगले परिणाम अनेकांनी नोंदवले आहेत. परंतु हे द्रव्य आतड्यातून रक्तात फार थोडे शिरते, आणि जे शिरते ते यकृत चटकन बदलून टाकते. १९९८ साली बंगळूर येथील संशोधकांनी कुर्क्युमिनबरोबर मिऱ्यांतील पायपेरिन हे द्रव्य देऊन पाहिले. उंदरांच्या रक्तात पोचणाऱ्या कुर्क्युमिनचे प्रमाण १५४ टक्क्यांनी वाढले. माणसांत ते २००० टक्क्यांनी वाढले. द्रव्ये तीच, परंतु एका शरीरात दीडपट वाढ आणि दुसऱ्यात वीसपट. उंदराच्या आतड्यावरून माणसाच्या आतड्याचा अंदाज बांधणे किती जोखमीचे आहे, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

याला दुसरी बाजूही आहे. रक्तात अधिक शिरते ते गुण करण्यासाठीच शिरेल अशी हमी कोणी दिली? अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारा एक संशोधक-गट आहे. हळदीच्या तीव्र गोळ्या घेतल्यानंतर यकृत बिघडलेल्या १० रुग्णांची हकीकत त्या गटाने २०२२ साली प्रसिद्ध केली. त्यांतील एक दगावला. यावरून उद्यापासून कोणी आमटीत हळद टाकायचे थांबवू नये. आमटीतली चिमूट आणि अर्क आटवून भरलेली गोळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ‘वनस्पतीपासून केले आहे, तेव्हा अपाय होणार नाही’ हे वाक्य मात्र आपण विसरून जावे. धोतरा आणि कण्हेर याही वनस्पतीच आहेत.

तिसरी अडचण देहाच्या घडणीची. उंदराला पित्ताशय नसते. आपल्या रक्तात कोलेस्टेरॉलची एका कणातून दुसऱ्या कणात ने-आण करणारे एक प्रथिन असते, ते उंदरात नसते. त्यामुळे उंदराच्या रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल, ज्याला हल्ली आपण ‘चांगले’ म्हणतो त्या स्वरूपात असते, आणि त्याच्या रक्तवाहिन्या आपल्यासारख्या सहजासहजी कठीण होत नाहीत. अशा प्राण्यात कोलेस्टेरॉल उतरले म्हणून आपल्यातही उतरेल, असे म्हणता येत नाही.

येथे गुग्गुळाची कथा सांगितलीच पाहिजे. ती आपल्याच देशातली आहे. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचे वर्णन आहे. त्याचा धागा पकडून काशी हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती या विदुषींनी गुग्गुळाचा सशांवर अभ्यास केला व १९६६ साली त्यावर प्रबंध सादर केला. प्राचीन ग्रंथातील निरीक्षण घेऊन आधुनिक प्रयोगशाळेत जाण्याचे ते एक सुंदर उदाहरण होते. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत हे काम वाढले. उंदरांत आणि इतर प्राण्यांत कोलेस्टेरॉल उतरले, भारतातील रुग्णांवरच्या चाचण्यांतही ते उतरल्याचे आढळले, आणि औषध बाजारात आले. गुग्गुळातील द्रव्य यकृतात कोणत्या ठिकाणी काम करते, याचाही शोध २००२ साली लागला. सगळे जमून आले असे वाटत असता २००३ साली अमेरिकेत १०३ माणसांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. कोणाला खरा गुग्गुळ व कोणाला लटकी गोळी मिळते आहे, हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. निकाल असा लागला की लटकी गोळी घेणाऱ्यांचे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल ५ टक्क्यांनी उतरले, आणि गुग्गुळ घेणाऱ्यांचे ४ ते ५ टक्क्यांनी वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. आहार निराळा, माणसे निराळी, म्हणून निकाल निराळा लागला असेल असे म्हणता येईल. पण तसे म्हटले तरी मुद्दा उरतोच. एका देशातील माणसांचा निकाल दुसऱ्या देशातील माणसांना लागू पडत नसेल, तर पिंजऱ्यातल्या उंदराचा निकाल आपल्याला आपोआप कसा लागू पडेल?

इतके ऐकून कोणी म्हणेल, मग हे प्रयोग बंदच करावेत. तसे माझे म्हणणे नाही. वनस्पतीपासून निघालेली आणि माणसापर्यंत सुखरूप पोचलेली औषधे आहेत. त्यांचा प्रवास कसा झाला, तेवढा पाहावा.

१८३५ साली युरोपात सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून एक कडू द्रव्य वेगळे काढले गेले. त्याला फ्लोरिझिन म्हणतात. हिवतापावर कडू साली उपयोगी पडतात, तेव्हा ही पाहावी, असा तेव्हाचा विचार होता. पुढे १८८६ च्या सुमारास फॉन मेरिंग या जर्मन वैद्याने ते कुत्र्यांना दिले, तेव्हा त्यांच्या लघवीतून साखर जाऊ लागली. शंभर वर्षे हे एक कुतूहल म्हणून ग्रंथांत पडून राहिले. १९८७ साली अमेरिकेत उंदरांच्या स्वादुपिंडाचा बहुतेक भाग काढून त्यांना मधुमेही केले व मग फ्लोरिझिन दिले. मूत्रपिंडातून साखर बाहेर जाऊ लागली, रक्तातील साखर उतरली, आणि आश्चर्य असे की त्यांच्या पेशी पुन्हा इन्सुलिनला दाद देऊ लागल्या. औषध थांबवताच बिघाड परत आला. म्हणजे रक्तात तुंबलेली साखर ही केवळ रोगाची खूण नसून ती स्वतःच रोग वाढवते, ही कल्पना त्या उंदरांनी शास्त्रज्ञांना दिली. परंतु मूळ फ्लोरिझिन कोणी माणसाच्या हाती दिले नाही. ते आतड्यात फुटते आणि जुलाब करते. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची घडण पालटली, अनेक रेणू करून पाहिले, आणि माणसांवर क्रमाने चाचण्या झाल्यावर २०१२ साली डॅपाग्लिफ्लोझिन या औषधाला युरोपात मान्यता मिळाली. त्याची भावंडे मागोमाग आली. आज भारतातही मधुमेही रुग्णांना ही औषधे दिली जातात. सफरचंदाच्या सालीपासून औषधाच्या गोळीपर्यंत १७७ वर्षे लागली! आणि आपण मंगळवारच्या बातमीवर विसंबून शुक्रवारी डबी विकत घेतो.

दुसरे उदाहरण याहूनही परिचयाचे आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक रानवेल्हाळ वनस्पती आहे. ती शेळ्या-मेंढ्यांना विषारी ठरते. तरीही जुने वैद्य ती देत असत. तिच्यातील गॅलेगिन हे द्रव्य साखर उतरवते, पण ते औषध म्हणून वापरण्याजोगे सौम्य नव्हते. त्याच्याच नात्यातला मेटफॉर्मिन हा रेणू १९२२ साली डब्लिन येथे तयार झाला व विस्मृतीत गेला. १९५७ साली पॅरिसच्या झाँ स्टर्न या वैद्याने तो मधुमेही माणसांना देऊन त्याचा गुण प्रसिद्ध केला. या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या खिशात या क्षणी मेटफॉर्मिनची गोळी असेल. विशेष असे की ‘वनस्पतीचे औषध’ हवे म्हणून जी गोळी आपण टाकून देतो, तिची आजी एक वनस्पतीच होती.

या दोन्ही कथांत उंदराने आणि इतर प्राण्यांनी एक गोष्ट केली. त्यांनी कल्पना दिली. औषधाची चिठ्ठी लिहून दिली नाही. ती चिठ्ठी माणसांवरच्या काळजीपूर्वक चाचण्यांनीच लिहिता येते. आणि ज्या प्राण्यांच्या जिवावर ही कल्पना मिळते, त्यांच्याविषयीही आपले काही ऋण आहे. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली असे प्रयोग नियंत्रित केलेले आहेत. जो प्रयोग दहा वेळा झाला आहे तो केवळ आणखी एक लेख छापण्यासाठी अकराव्यांदा करणे, हा माझ्या मते विज्ञानाचाही अपराध आहे आणि दयेचाही.

आता मी पुन्हा त्या तीन पिंजऱ्यांकडे येतो, कारण मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते तेथेच आहे. बातमी होते ती तिसऱ्या पिंजऱ्याची. दुसऱ्यापेक्षा तिसरा बरा, ही ती बातमी. पण पहिला पिंजरा? त्यातील उंदरांकडे कोणी पाहतच नाही. त्यांना साधे अन्न मिळाले आणि ते या रोगाच्या वाटेला गेलेच नाहीत. तिसऱ्या पिंजऱ्यातील उंदीर बहुतेक प्रयोगांत पहिल्याच्या जवळ येतात, कधी अर्ध्या वाटेवर थांबतात. म्हणजे ज्या अर्काची एवढी जाहिरात होते त्याची उत्तम कामगिरी मोजायची ती साध्या अन्नाच्या फूटपट्टीने! पहिल्या पिंजऱ्याची डबी भरता येत नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

हे केवळ उंदरांपुरते आहे असे कोणी समजू नये. माणसांवरचाही दाखला आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे. चेन्नई येथील डॉ. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली एका अभ्यासाचा निकाल प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ माणसांचे त्यांनी चार गट केले. पहिल्याला नेहमीचा सर्वसाधारण सल्ला. दुसऱ्याला साखर, मैदा व तेल-तूप कमी, चोथायुक्त अन्न अधिक, आणि रोज निदान अर्धा तास चालणे. तिसऱ्याला मेटफॉर्मिन. चौथ्याला दोन्ही. तीन वर्षांत पहिल्या गटातील १०० पैकी ५५ माणसे मधुमेही झाली. आहार सांभाळून चालणाऱ्यांत ३९. गोळी घेणाऱ्यांत ४०. दोन्ही करणाऱ्यांतही ३९. म्हणजे वनस्पतीच्या वंशातील, जगाने पारखून घेतलेली गोळी, आणि ताट व पाय यांचा उपाय, ही दोन्ही बरोबरीला आली. यांपैकी एकालाही अद्भुत म्हणता येणार नाही. शंभरातल्या ३९ जणांना रोग झालाच. पण शंभरातली १६ माणसे त्या तीन वर्षांत रोगाच्या उंबरठ्याआत राहिली, ही लहान गोष्ट नव्हे. एका मध्यम गावाच्या मानाने तो आकडा मांडून पाहा, म्हणजे त्याचे वजन कळेल.

आपल्या जुन्या वैद्यांनाही हे दिसत होते. चरकाने प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ यांची यादी दिली आहे. औषधाआधी त्याने पथ्य सांगितले. आयुर्वेदाचे नाव घेऊन आज जी डबी विकली जाते तिच्यावर औषध असते आणि पथ्य गळालेले असते. तेव्हा चरकाचा खरा अपमान शंका विचारणारा करतो, की पथ्य गाळून चूर्ण विकणारा करतो, याचा निवाडा आपणच करावा.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. अशी बातमी वाचली की चार प्रश्न विचारावेत. प्रयोग कोणावर झाला? मात्रा किती होती, आणि माझ्या डबीत ती आहे का? उपाय रोगाआधी केला की नंतर? आणि माणसांवर, लटक्या गोळीशी तुलना करून, तो पुन्हा झाला आहे का? चौथ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर बातमी कापून ठेवावी, गोळी चालू ठेवावी. कोणतेही चूर्ण किंवा अर्क घेत असाल तर ते आपल्या डॉक्टरांपासून लपवू नये. डॉक्टरांनीही ते ऐकताच रागावू नये. रुग्ण लपवतो तो पुष्कळदा या रागाच्या भीतीनेच. आणि ज्यांची साखर आधीच वाढलेली आहे त्यांनी ताट सुधारावे, पायी चालावे, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. पिंजऱ्यातल्या उंदराचे अन्न आठ आठवड्यांत बदलते. दहा वर्षांचा मधुमेह तितक्या सहज मागे फिरत नाही.

उंदीर आणि आपण यांच्यात एक फरक फार मोठा आहे. कोणत्या पिंजऱ्यात जायचे हे उंदराला ठरवता येत नाही. ते दुसराच कोणी ठरवतो. आपल्यालाही पूर्णपणे ठरवता येते असे मी म्हणत नाही. ज्याच्या वाट्याला रेशनचा पांढरा तांदूळ आणि रस्त्यावरचा स्वस्त तळलेला पदार्थ एवढेच येते, त्याला आहाराचे प्रवचन देणे हे निर्दयपणाचे होईल. त्याच्यासाठी डाळ, भाजी आणि ज्वारी परवडेल अशी व्यवस्था समाजानेच केली पाहिजे, आणि चालायला पदपथ ठेवले पाहिजेत. पण ज्यांना निवड करता येते, आणि या सभागृहात तसे पुष्कळ आहेत, त्यांनी तिसऱ्या पिंजऱ्याच्या दाराशी रांग लावण्यापूर्वी पहिल्याचे दार उघडे आहे का, एवढे पाहून घ्यावे.